बटाट्याचं प्रथिन १११ टक्के भरलं तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला ताडता येईल. सावंतवाडीच्या बाजारातले २०० ग्रॅम बटाटे घेतले. मिक्सरमधून काढून रस गाळला, ६० टक्के संपृक्ततेपर्यंत अमोनियम सल्फेट घालून प्रथिनं खाली बसवली. ५० मिलि द्रावण डायलिसिसच्या पिशवीत (प्रथिनं आत ठेवून मिठासारखे छोटे रेणू बाहेर जाऊ देणारी पिशवी) भरून २५० मिलि पाण्यात रात्रभर ठेवलं, मग वाळवलं. भुकटी मिळाली २.१ ग्रॅम. केल्डाल पद्धतीने (नायट्रोजन मोजून) त्यात १११ टक्के प्रथिन दाखवलं, ब्रॅडफर्ड पद्धतीने (रंग मोजून) ५२. सर म्हणाले, चूक शोधा. प्रबंधाच्या शीर्षकात 'पोषणमूल्य' हा शब्द आधीच छापून बसलाय, आणि कॉलेजात अमिनो आम्लं मोजायचं यंत्र नाही. शेवटी कणगर या कंदाबद्दल आणि कुडाळला बटाट्याचं प्रथिन काढायचा धंदा करायच्या मामांच्या बेताबद्दलही विचारलंय. त्यांच्याकडे नंतर येते.

मी रत्नागिरीत तीस वर्षं जीवरसायन शिकवलं. माझा स्वतःचा पहिला आकडा १०४ आला होता आणि तो मी दोन दिवस स्टाफरूममध्ये मिरवला होता. तेव्हा ओशाळू नका.

तुमच्या भुकटीत अमोनियम सल्फेट राहिलंय. केल्डाल प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजतो. योहान केल्डालने ही पद्धत १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली ती बिअरसाठी लागणाऱ्या धान्यासाठी. धान्यातला बहुतेक नायट्रोजन प्रथिनांतच असतो, म्हणून तिथे हा हिशेब चालून जातो. अमोनियम सल्फेटमध्ये वजनाने २१.२ टक्के नायट्रोजन असतो. त्याला ६.२५ ने, म्हणजे नायट्रोजनावरून प्रथिन काढायच्या नेहमीच्या गुणकाने, गुणलं की १३२.५ टक्के 'प्रथिन' तयार! निव्वळ हे मीठ (यापुढे मीठ म्हणजे अमोनियम सल्फेटच) केल्डालच्या नळीत घातलंत तरी ते नेहमीच्या कुठल्याही अन्नप्रथिनापेक्षा श्रीमंत दिसेल. आता तुमचा आकडा घ्या. भुकटीत फक्त शुद्ध प्रथिन आणि हे मीठ आहे असं धरलं, तर १०० च्या वरचे ११ टक्के यायला साधारण तिसरा हिस्सा मीठ हवं. म्हणजे २.१ ग्रॅमपैकी ०.७ ग्रॅमच्या आसपास मीठ आणि १.४ ग्रॅम प्रथिन. ओलावा धरला तर प्रथिन अजून थोडं खाली जाईल.

हे मीठ राहिलं कसं तेही तुमच्याच आकड्यांत आहे. ५० मिलि पिशवी २५० मिलि पाण्यात ठेवली की मीठ दोन्हीकडे सारखं पसरतं आणि थांबतं. एकूण द्रव ३०० मिलि, त्यातला सहावा भाग पिशवीत, म्हणून मिठाचाही सहावा भाग पिशवीतच. रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर, पाणी बदललं नाही तर सहाव्या भागाखाली ते जाणार नाही. तीच पिशवी २ लिटर पाण्यात ठेवली तर एका वेळी एकेचाळिसावा भाग उरतो, आणि पाणी तीनदा नवं घेतलं तर सुमारे एकोणसत्तर हजारावा. डायलिसिसमध्ये वेळेपेक्षा पाणी बदलण्याला किंमत आहे. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि दरवर्षी कुणीतरी एकाच बीकरमध्ये पिशवी ठेवून घरी जायचंच.

भुकटी शिल्लक असेल तर आजच दोन गोष्टी करून बघा. चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळवा, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि मग बेरियम क्लोराइडचे थेंब टाका. पांढरा, न विरघळणारा साका आला की सल्फेट आहे. आम्ल आधी घालायचं, कारण तुम्ही बटाटे काळे पडू नयेत म्हणून मेटाबायसल्फाइट वापरलं असणार, आणि सल्फाइटचाही साका पडतो. पण तो आम्लात टिकत नाही. दुसरी गोष्ट, केल्डालचं ऊर्ध्वपातनाचं यंत्र आहेच, तर पाचन (आम्लात उकळून प्रथिन मोडणं) न करता भुकटी थेट मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर उकळून जी अमोनिया वाफेबरोबर येते ती बोरिक आम्लात धरा आणि टायट्रेट करा. हा अमोनियमचा नायट्रोजन. एकूण नायट्रोजनातून तो वजा केलात की सगळा प्रयोग पुन्हा न करताही खऱ्याच्या जवळचा आकडा मिळतो. कॉस्टिक सोडा मात्र इथे वापरू नका. तो प्रथिनातल्या ॲमाइड गटांचीही अमोनिया सोडवतो आणि वजाबाकी जास्त होते.

ब्रॅडफर्डचे ५२ खरे का? खऱ्याच्या जवळ, पण थोडे खाली. तुम्ही प्रमाण म्हणून बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घेतलं असणार. त्याला ब्रॅडफर्डमधल्या कूमासीचा निळा रंग फार चांगला चढतो, इतर बहुतेक प्रथिनांना तितका चढत नाही, म्हणून नमुना कमी दिसतो. तरीही बटाट्यासाठी लॉरीपेक्षा (प्रथिन रंगावरून मोजायची दुसरी पद्धत) ब्रॅडफर्ड बरी. बटाट्याच्या रसात क्लोरोजेनिक आम्ल आणि क जीवनसत्त्व असतं, ती दोन्ही लॉरीच्या अभिकारकाला स्वतःच रंग देतात.

इथवर मिठाची गोष्ट झाली. पण समजा डायलिसिस उत्तम झालं असतं, तरीही बटाट्याच्या बाबतीत नायट्रोजनाला प्रथिन म्हणायची चूक दुसऱ्या दाराने आत येते. आणि पोषणमूल्याचा सगळा प्रश्न त्याच दाराशी उभा आहे.

ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि साधारण २ टक्के 'प्रथिन' असतं असं तक्ते सांगतात. हे २ टक्के म्हणजे पुन्हा नायट्रोजन गुणिले ६.२५. प्रत्यक्षात त्या नायट्रोजनातला जेमतेम निम्मा खऱ्या प्रथिनांत असतो. बाकीचा मोकळ्या अमिनो आम्लांत आणि ॲमाइडांत, मुख्यतः ॲस्परजिन आणि ग्लुटामिनमध्ये. तुमच्या २०० ग्रॅममध्ये तक्त्याप्रमाणे ४ ग्रॅम प्रथिन, खरं प्रथिन २ ग्रॅमच्या आसपास. त्यातलं १.४ ग्रॅम हाती आलं असेल तर तुमचं काम चांगलंच झालंय. सरांना हे सांगा. उतारा, म्हणजे असलेल्यापैकी किती प्रथिन हाती आलं ते, मोजताना छेदात ४ घातलेत तर ३५ टक्के दिसेल, २ घातलेत तर ७०. काय छेदात घेतलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

हा निम्मा वाटा ठरलेला नसतो. वाण कुठला, शेतात युरिया किती पडला, बटाटा शीतगृहात किती महिने होता, डोळे फुटले होते का, यावर तो बराच हलतो. नत्र खत जास्त दिलं की केल्डालचा आकडा वाढतो, पण वाढ मोठ्या प्रमाणात ॲमाइडांची असते. कोंब आले की साठवणीचं प्रथिन मोडायला लागतं. आपल्याकडे कोकणात बटाटा पिकतो कुठे? घाटावरून येतो, कधी मंचरकडचा, कधी थेट मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातला, आणि दुकानदाराला विचारलं तर 'इंदोरी' यापलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून एकाच गोणीतले बटाटे घ्या, तारीख लिहा, आणि मूळ रसावर एक सोपं मोजमाप आधी करा: रसात १० टक्के होईल इतकं ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घाला, अर्धा तास बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. खाली बसलेल्यातला नायट्रोजन खऱ्या प्रथिनाचा, वर राहिलेल्यातला बाकीचा. एवढं एक कोष्टक असेल तर पुढचं सगळं उभं राहतं.

आता ही खरी प्रथिनं कोणती. १८९६ मध्ये ऑस्बोर्न आणि कॅम्पबेल यांनी बटाट्यातल्या ग्लोब्युलिनला 'ट्युबरिन' म्हटलं होतं, जुन्या पुस्तकात ते नाव भेटेल. हल्ली आपण तीन गट करतो. पहिलं पॅटॅटिन. हे नाव १९८० मध्ये रॅक्युसेन आणि फूट यांनी दिलं. सुमारे ४० किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेलं प्रथिन, विद्राव्य प्रथिनांत ४० टक्क्यांपर्यंत. दुसरा गट प्रोटिएज रोधकांचा, म्हणजे आपली पचनविकरं अडवणारी प्रथिनं. बहुतेक ५ ते २५ किलोडाल्टनची, आणि वाटा जवळजवळ पॅटॅटिनइतका किंवा जास्तही. तिसऱ्यात उरलेली मोठी विकरं, ज्यात बटाटा काळा पाडणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेजही आलं. प्रथिनं आकारमानाने वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर ४० च्या जवळ एक जाड पट्टा आणि २५ च्या खाली दाटीवाटी दिसली की समजा, रस ठीक काढलाय.

या आकारांवरून डायलिसिस पिशवीचा मुद्दा पुन्हा निघतो. कॉलेजात सहसा १२ ते १४ किलोडाल्टनची पिशवी असते. बटाट्यातला कार्बॉक्सिपेप्टिडेज रोधक ४.३ किलोडाल्टनचा आहे, तो सरळ पाण्यात निघून जातो. हे छोटे रोधक सिस्टीनने भरलेले असतात. म्हणजे पिशवीच्या छिद्रांमुळे तुमच्या नमुन्यातली गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी होऊ शकतात, आणि मग तुम्ही लिहाल की बटाट्याचं प्रथिन गंधकात उणं आहे. ३.५ किलोडाल्टनची पिशवी मिळवा.

रस काढताना माझी पद्धत अशी होती. बटाटे सोलून (सालीबद्दल पुढे सांगते), तुकडे थंड ०.२ टक्के मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बुडवायचे, तितक्याच वजनाच्या त्याच द्रावणात मिक्सर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबवत फिरवायचा. भांडं हाताला कोमट लागलं की थांबा. चौपदरी मलमलीतून पिळायचं, रस अर्धा तास बर्फात, स्टार्च तळाशी खडूसारखा बसतो, वरचं अलगद ओतून सेंट्रिफ्यूज. रस आधी गुलाबीसर, मग तपकिरी, मग चहासारखा होत गेला तर पुढे जाऊ नका. काळेपणा हा नुसता दिसण्याचा दोष नसतो. क्लोरोजेनिक आम्लापासून झालेली क्विनोनं प्रथिनातल्या लायसिनला चिकटतात, आणि बटाट्याच्या प्रथिनाची खरी दौलत लायसिनच आहे. मीठ घालताना तक्ता तपमानासकट बघा: ६० टक्क्यांसाठी ० अंशाला १०० मिलिमध्ये ३६.१ ग्रॅम, २५ अंशाला ३९ ग्रॅम. थोडं थोडं, ढवळत, फेस न करता.

तुमच्याकडे कोल्डरूम नाही असं लिहिलंय. आमच्याकडेही नव्हती, आणि जुलैमध्ये वीज गेली की फ्रिजही नसायचा. एका पावसाळ्यात सलग दोन नमुने आंबले, तेव्हापासून आमचे प्रयोगशाळा सहायक मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळीचा फोडलेला बर्फ आणायचे आणि थर्माकोलच्या खोक्यात बादलीभर पाणी ठेवून त्यात डायलिसिस चालायचं. खोक्याला सुरमईचा वास कायमचा लागला, पण तापमान ४ अंशांच्या वर गेलं नाही.

इथे थांबून एक ठरवा: तुम्हाला पोषणमूल्य कशाचं काढायचंय? अख्ख्या बटाट्याचं, कच्च्या स्वरूपात वेगळ्या केलेल्या प्रथिनाचं, की शिजवून खाण्यायोग्य केलेल्या प्रथिनाचं? तिघांची उत्तरं वेगळी येतील आणि तिन्ही बरोबर असतील.

तिसरं हवं असेल तर अमोनियम सल्फेटचा रस्ता सोडा. उष्णतेने साकळवा. बटाट्याचा किस करताना आपण त्याला उकळी काढतो, तेव्हा वर करडा फेस आणि बारीक कण येतात, आठवतंय? घरोघरी तो डावाने काढून टाकतात. त्यात बटाट्याचं प्रथिनच असतं. पॅटॅटिन ६० अंशांच्या आसपास उलगडतं आणि एकमेकांना धरून गोळा होतं. रसाचा पीएच मुळात ६ च्या जरा खाली असतो, तो सायट्रिक आम्लाने ५ च्या आसपास आणा, ८० ते ८५ अंशांवर १० मिनिटं ठेवा, थंड करा. पहिल्यांदा केलं तेव्हा आमचे सहायक बीकरकडे बघून म्हणाले, "ह्यां तर नासलेलां दूध झालां!" अगदी तसंच दिसतं आणि पनीरसारखंच मलमलीत बांधता येतं. युरोपातल्या स्टार्चच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, फक्त तिथे वाफेचा झोत असतो आणि माल बराचसा जनावरांच्या खाद्यात जातो. यात मोकळी अमिनो आम्लं आणि ॲमाइडं रसातच राहतात, मीठ घालावंच लागत नाही, त्यामुळे केल्डालही बऱ्यापैकी खरं बोलतो. तोटा एवढाच की हे प्रथिन पुन्हा पाण्यात विरघळत नाही. फेस, जेल, पायसीकरण असले गुणधर्म तपासायचे असतील तर मिठाचा रस्ता लागतो. पोषणमूल्यासाठी मी डोळे मिटून उष्णता निवडेन.

साकळलेला गोळा दोनदा-तीनदा पाण्याने धुवा, आणि ते पाणी थोडं आम्ल असू द्या, पीएच ४.५ च्या आसपास. कारण सोलॅनिन आणि चॅकोनिन. ही ग्लायकोअल्कलॉइडं सालीत, डोळ्यांजवळ आणि हिरव्या पडलेल्या भागात जास्त असतात. ताज्या बटाट्यात किलोला २०० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, पण प्रथिन वेगळं करताना तीही त्याच्याबरोबर गोळा होऊ शकतात. आम्ल पाण्यात ती विरघळून जातात, अल्कधर्मी पाण्यात खाली बसतात, म्हणून धुण्याच्या पाण्याचा पीएच महत्त्वाचा. युरोपीय संघाने २००२ मध्ये साकळलेल्या बटाटा प्रथिनाला खाद्य म्हणून मान्यता दिली तेव्हा किलोला १५० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. हिरवे बटाटे आधीच काढून टाका आणि साल सोला, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. तुमची प्रयोगशाळेतली भुकटी कुणी चाखून बघू नये हे सांगायला नकोच, तरी सांगते.

आता मूल्यमापन. दोन गोष्टी लागतात: कुठली अमिनो आम्लं किती, आणि त्यातली पचतात किती.

अमिनो आम्लांसाठी नमुना मुंबई-पुण्याच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. पैसे जातात, म्हणून पाठवण्याआधी विचारा की नेमकं काय देणार. नेहमीचं पाचन ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ११० अंशांवर, २४ तास. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. त्यासाठी वेगळं अल्कधर्मी पाचन लागतं. मेथिओनिन आणि सिस्टीनसाठी आधी परफॉर्मिक आम्लाची प्रक्रिया लागते. हे न विचारता पाठवलंत तर ज्यावर सगळं अवलंबून आहे तीच अमिनो आम्लं अहवालात कमी किंवा रिकामी येतात. शिवाय आम्लात ॲस्परजिनचं ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक होतं. म्हणून अख्ख्या बटाट्याच्या अहवालात ही दोन मिळून जवळजवळ ४० टक्के दिसतात. दचकू नका, ती मोकळी ॲमाइडंच वेष बदलून आलेली असतात.

त्याचा गुणांकावर, म्हणजे गरजेच्या मानाने अमिनो आम्ल किती भरतं त्यावर, काय परिणाम होतो बघा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातल्या कच्च्या बटाट्यावरून हिशेब केला तर एका ग्रॅम 'प्रथिना'मागे ल्युसिन सुमारे ४८ मिलिग्रॅम येतं, लायसिन सुमारे ५२, आणि मेथिओनिन-सिस्टीन मिळून सुमारे २७. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी संदर्भ आहेत ते अनुक्रमे ६१, ४८ आणि २३. म्हणजे ल्युसिन ०.७९ वर अडतं, बाकी दोन पार होतात. आता वेगळ्या केलेल्या प्रथिनाकडे या: तिथे ल्युसिन ९० ते १०० च्या घरात मिळतं, लायसिन ७० च्या वर. ॲमाइडांचं पाणी काढून टाकल्यावर दूध घट्ट निघालं, एवढंच झालं. तुमच्या प्रबंधात हे दोन रकाने शेजारी-शेजारी आले तर परीक्षकाला दुसरं काही दाखवायला नको. १११ टक्क्यांची गोष्टही लपवू नका, पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात घाला.

पचनासाठी उंदीर हवेतच असं नाही, आणि प्राण्यांवर प्रयोग म्हटलं की नैतिकता समितीच्या परवानगीत तुमचं वर्ष जाईल. स्वस्त मार्ग पीएच-घसरणीचा: ३७ अंशांवर, पीएच ८ पासून सुरुवात, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन-पेप्टिडेज ही तीन पचनविकरं घालून १० मिनिटांनी पीएच किती उतरला ते बघायचं. १९७७ चं ह्सू यांचं सूत्र आहे: २१०.४६ मधून १८.१० गुणिले दहाव्या मिनिटाचा पीएच वजा करा. पीएच ६.८ आला तर पचनीयता ८७.४ टक्के. तिन्ही विकरं वापरलीत तरच हे सूत्र लावा. नुसतं ट्रिप्सिन घालून तेच सूत्र लावलेले प्रबंध मी परत पाठवले आहेत. वेळ आणि विकरं असतील तर इन्फोजेस्ट पद्धत जास्त पटते, २ तास जठर पीएच ३ वर, २ तास आतडं पीएच ७ वर. कुठलीही घ्या, तुलनेसाठी दुधातलं केसीन शेजारी ठेवा.

आणि इथे बटाट्याची खोडी. मघाचे रोधक ट्रिप्सिनलाच अडवतात. न शिजवलेल्या प्रथिनावर हा प्रयोग केलात तर पीएच हलतच नाही आणि तुम्हाला वाटेल प्रथिन अपचनीय आहे. प्रत्यक्षात तुमचं विकरच बांधून ठेवलेलं असतं. नमुना कच्चा आणि अर्धा तास उकळलेला, असा दोन्ही प्रकारे चालवा. ट्रिप्सिन रोधकांची मोजणी बापना (ट्रिप्सिनने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) वापरून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१० नॅनोमीटरला होते, तीही दोन्हींवर करा. उकळल्यावर बहुतेक रोधक संपतात. गंधकाचे पूल जास्त असलेले काही तग धरतात. कच्चे बटाटे खाल्लेल्या डुकरांची वाढ खुंटते आणि शिजवलेल्यांवर ती वाढतात, त्याचं एक कारण हेच. दुसरं कच्च्या स्टार्चचं.

माणसांवरचे पुरावेही प्रस्तावनेत घाला. १९२८ मध्ये कोन आणि क्लाइन यांनी एक पुरुष आणि एक स्त्री १६७ दिवस जवळपास केवळ बटाट्याच्या नायट्रोजनावर ठेवली आणि दोघांचं नायट्रोजन संतुलन (खाल्लेला आणि बाहेर पडलेला नायट्रोजन सारखा असणं) टिकलं. अलीकडे, २०२२ मध्ये, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या गटाने तरुण पुरुषांना ३० ग्रॅम बटाटा प्रथिन दिलं तेव्हा स्नायूंतली प्रथिननिर्मिती दुधाच्या प्रथिनाइतकीच आली. पण १६७ दिवसांचं वाचून हुरळू नका. ५५ किलोच्या बाईला भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिन लागतं. नुसत्या बटाट्यातून घ्यायचं तर रोज २.३ किलो.

मामांचा बेत याच हिशेबात सापडतो. तुमच्या उताऱ्याने १ किलो बटाट्यातून ७ ग्रॅम प्रथिन. १ किलो भुकटीला १४० किलोच्या वर बटाटे. ३० रुपये किलोने धरले तरी नुसता कच्चा माल ४,२०० रुपयांचा, वाहतूक, वीज, वाळवण वेगळं. हा धंदा फक्त तिथे बसतो जिथे स्टार्चसाठी बटाटा आधीच दळला जातोय आणि रस गटारात जातोय. कुडाळला तसा कारखाना होईल तेव्हा मामांना माझा नंबर द्या.

कणगर मात्र घ्या असं मी म्हणेन, बटाट्याला बाजूला सारून नाही, जोडीला. आपल्या मातीतला कंद आहे, पौष-माघात बाजारात ढीग लागतात. त्याच्या जातभाईंमधलं, म्हणजे याम (yam) वर्गातल्या कंदांमधलं, मुख्य साठवणीचं प्रथिन डायोस्कोरिन. रताळ्यात स्पोरॅमिन, आणि ते स्वतःच ट्रिप्सिन रोधक आहे, तेव्हा उकळलेला-न उकळलेला हा प्रयोग रताळ्यावर फार छान दिसतो. कणगराची अडचण बुळबुळीची. किसल्याबरोबर रसाला तार सुटते, मलमल तुंबते, सेंट्रिफ्यूजमध्ये गाळ बसत नाही. दुप्पट-तिप्पट पाणी घ्या, आणि मिक्सरपेक्षा किसणीने किसा, पेशी कमी फुटल्या तरी चालेल. हातांना खाज येते, खोबरेल लावून बसा. भुकटी वाळली की त्याच दिवशी घट्ट बाटलीत सिलिका जेलसकट बंद करा. आपल्या हवेत ती दुपारपर्यंत ओली होते, आणि मग वजन करताना ओलाव्यालाच प्रथिन समजून बसाल.